संगणक मूळपदावर आणण्यापूर्वी

“काका, फॉरमॅट मारून टाकू. दोन तासांचं काम आहे.” घरचा संगणक मंदावला, की हे वाक्य कधी ना कधी कानी पडतेच. सांगणारा तरुण तंत्रज्ञ खोटे बोलत नसतो. त्याच्या बाजूचे काम खरोखरच दोन तासांचे असते. संगणकाच्या मालकाच्या बाजूचे काम मात्र त्याआधी पूर्ण व्हावयास हवे, आणि त्याला कधी एक रविवार पुरतो, तर कधी सबंध आठवडा लागतो. ते न करताच होकार दिला, तर पंधरा-वीस वर्षांत साठलेला संसार त्या दोन तासांत पुसला जातो.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. बदलीच्या नोकरीनिमित्त नागपूर, इंदूर असा प्रवास करून निवृत्तीनंतर वडोदऱ्यात स्थायिक झालेले मराठी दांपत्य. बैठकीच्या कोपऱ्यात संगणक. हा त्यांचा तिसरा संगणक असला, तरी पहिल्या दोघांतील सारे काही ह्यात उतरवून घेतलेले. पतीने २००४ पासून टंकलिखित केलेल्या आठवणी, गृहनिर्माण संस्थेचे टॅलीतील हिशेब, मुलीच्या विवाहाची छायाचित्रे, परदेशी असलेल्या मुलाचे जुने ई-मेल आणि बँकेची खातेउतारे-पत्रे. ह्यांपैकी नेमके काय कोठे आहे, हे घरात एकालाच ठाऊक. आणि अलीकडे त्यालाही ते पुरतेपणी आठवत नाही. नव्वद टक्के घरांत स्थिती अशीच असते, असे आकडेवारीवाचूनही म्हणण्यास हरकत नसावी.

‘मूळ स्थिती’ ह्या शब्दाचा अर्थ प्रथम नीट लावून घ्यावयास हवा, कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली ‘सिस्टीम रिस्टोअर’. २००० साली विंडोज मिलेनियमबरोबर आलेली ही सोय प्रणालीची मांडणी एखाद्या मागील तारखेस नेऊन ठेवते. कागदपत्रे व छायाचित्रे ह्यांना ती हात लावत नाही. दुसरी ‘रिसेट धिस पीसी’. २०१२ मधील विंडोज ८ पासून ही सोय प्रणालीतच अंतर्भूत आहे व विंडोज ११ मध्ये ती सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी ह्या मार्गाने सापडते. तिसरी म्हणजे संगणकासोबत निर्मात्याने दिलेली रिकव्हरी डिस्क अथवा हार्ड डिस्कवरच राखून ठेवलेला रिकव्हरी विभाग. हा तिसरा मार्ग यंत्राला दुकानातून आणलेल्या दिवसाकडे शब्दशः परत नेतो, आणि तेथेच एक पेच आहे.

२०१२ मध्ये घेतलेला संगणक ह्या मार्गाने मूळपदावर आणला, तर त्यात विंडोज ७ अवतरते. त्या प्रणालीस मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. एक्सपीचा त्याआधीच, ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता, आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आला. आधार संपणे म्हणजे संगणक बंद पडणे नव्हे. नव्याने उघडकीस येणाऱ्या त्रुटींवर दुरुस्ती मिळणे थांबते, एवढाच त्याचा अर्थ. पत्ते खेळण्यास व जुनी गाणी ऐकण्यास असा संगणक चालेल; त्यावर नेट बँकिंग करणे मात्र मोडक्या कडीच्या कपाटात दागिने ठेवण्यासारखे आहे. मूळ स्थिती हवी की आजच्या काळास योग्य अशी स्वच्छ स्थिती हवी, हा निर्णय म्हणूनच सर्वांत आधी घ्यावा.

‘रिसेट’ निवडल्यावर संगणक विचारतो : ‘कीप माय फाइल्स’ की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’? पहिल्या पर्यायाचे नाव फार दिलासा देणारे आहे. त्याने वैयक्तिक फाइल्स राहतात हे खरे. परंतु नंतर बसविलेल्या आज्ञावल्या जातात आणि त्यांच्या पोटात, विशेषतः ‘ॲपडेटा’ नावाच्या लपलेल्या कप्प्यात, साठलेली माहितीही जाते. आउटलुकची टपाल-फाइल काही संगणकांवर नेमकी तेथेच असते. मुलाच्या पत्रांची प्रत सर्व्हरवर न ठेवता थेट संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत ज्यांनी वर्षानुवर्षे वापरली, त्यांच्या दृष्टीने ती एक फाइल म्हणजेच सारा पत्रव्यवहार होय. ‘कीप माय फाइल्स’वर विसंबून स्वतंत्र प्रत न काढणे हा त्यामुळे शुद्ध अविचार ठरेल.

दुसरा गैरसमज ड्राइव्हसंबंधीचा. आपल्याकडे संगणक जुळवून देणारे बहुधा एकाच डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देत. ‘सी उडाला तरी डीमधले राहते’ हे ज्ञान घरोघरी पोहोचले, ते अर्धेच. डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल वस्तुतः सी ड्राइव्हमध्येच असते, हे अनेकांना ठाऊक नसते. आणि सर्वांत जिव्हाळ्याच्या फाइल्स डेस्कटॉपवरच असतात. शिवाय, रिसेट करताना सर्व ड्राइव्ह पुसण्याचा पर्यायही समोर येतो, आणि निर्मात्यांच्या अनेक रिकव्हरी डिस्क तर भाग पाडण्यापूर्वीची अखंड डिस्क पुन्हा निर्माण करतात. त्या फेऱ्यात डी आणि ई नाहीसेच होतात.

तेव्हा आरंभ साठा-मोजणीने करावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास वर्षअखेरची मोजणी ज्या रीतीने शिकविली जाते, तीच रीत येथे लागू पडते : पुस्तकात काय लिहिले आहे ते नव्हे, तर मांडणीवर प्रत्यक्ष काय आहे ते मोजावयाचे. वही घेऊन बसावे. घरातील प्रत्येकाने आपापल्या वस्तू सांगाव्यात. डाउनलोड्स हा कप्पा कचरापेटी समजला जातो. प्रत्यक्षात फॉर्म १६, विवरणपत्राची पोच, विमा पॉलिसी आणि बँकेचे उतारे तेथेच पडलेले आढळतात. ब्राउझरमधील खुणा, घरच्या वाय-फायचा संकेतशब्द, प्रिंटरचे नाव, ह्यांचीही नोंद त्याच वहीत व्हावी.

मराठी घरांच्या बाबतीत ह्या मोजणीत एक वेगळे कलम असते, आणि त्यावर थोडे थांबणे भाग आहे. विंडोज २००० मध्ये मंगल हा टंक आला व युनिकोडमधील देवनागरी घरगुती संगणकावर शक्य झाली. परंतु ती रुळेपर्यंत बरीच वर्षे गेली. मधल्या काळात, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस, मराठी लेखन झाले ते श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अथवा पुण्याच्या सी-डॅकने तयार केलेल्या सुरेख, योगेश अशा टंकांतून. ह्या टंकांची युक्ती साधी होती. रोमन अक्षरांना दिलेल्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. संगणकाच्या दृष्टीने ती फाइल रोमन अक्षरांचीच. टंकाचा मुखवटा चढला की ती मराठी दिसे.

संगणक मूळपदावर आला की नंतर बसविलेले सर्व टंक जातात. मग आठवणींची फाइल सुखरूप असूनही उघडल्यावर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि चिन्हे ह्यांची निरर्थक रांग दिसते. फाइल बिघडली, असे समजून ती टाकून देणारे कमी नाहीत. महाराष्ट्राबाहेर ही शक्यता अधिकच. चेन्नई वा कोलकात्याच्या तंत्रज्ञाला अशी फाइल दिसली, तर ती मराठी आहे हे त्याला कळण्याचा मार्गच नाही. निरुपयोगी म्हणून तो ती प्रत काढतानाच वगळू शकतो. त्यात त्याचा दोष काढता येणार नाही.

उपाय आहेत, पण ते आधीच करावयाचे आहेत. सी ड्राइव्हमधील विंडोज ह्या कप्प्यात फॉन्ट्स नावाचा उपकप्पा असतो. लेखनासाठी वापरलेले टंक तेथून उचलून बॅकअपमध्ये ठेवावेत. कोणती फाइल कोणत्या टंकात आहे, हे वहीत लिहावे. त्याहून महत्त्वाचे असे, की जुना संगणक मराठी नीट दाखवीत आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या फाइलची पीडीएफ प्रत काढून घ्यावी. पीडीएफमध्ये टंक सामान्यतः फाइलीच्या आतच बसविला जातो, त्यामुळे ती प्रत दुसऱ्या संगणकावरही मराठीतच वाचता येते; मात्र एकदा दुसरीकडे उघडून खात्री करावी. त्यानंतर सवडीने युनिकोडमध्ये रूपांतर करता येईल. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या जोडाक्षरे आणि रफार ह्यांच्या ठिकाणी चुका करतात, तेव्हा मूळ फाइल टाकून देण्याची घाई करू नये. काही मराठी आज्ञावल्यांसोबत त्या काळी हार्डवेअर लॉक मिळत असे. तो ठोकळा खणात कोठेतरी पडलेला असेल, तर तोही आताच शोधून ठेवावा. आजच्या संगणकास त्यासाठी योग्य खाच असेलच, असे नाही.

टॅली वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या समजाव्यात. हिशेबाची माहिती ही एक, आणि वापराचा परवाना ही दुसरी. माहितीचा कप्पा आवृत्तीनुसार निरनिराळ्या ठिकाणी असतो. तो कोठे आहे हे टॅलीतच ‘डेटा पाथ’ म्हणून दाखविलेले असते. त्यातील बॅकअपची सोय वापरून प्रत काढावी. परवाना मात्र यंत्राशी जोडलेला असल्याने तो प्रथम परत करावा लागतो. त्यासाठी ‘सरेंडर लायसन्स’ हा पर्याय दिलेला आहे. तो न वापरता डिस्क पुसली, तर नंतर परवाना पुन्हा कार्यान्वित करताना अडचण येते, आणि संस्थेची वार्षिक सभा तोंडावर असताना ती यावी हा तर नियमच दिसतो. डिजिटल स्वाक्षरी यूएसबी टोकनवर असेल, तर तिची चिंता नाही. ती टोकनमध्येच राहते. केवळ त्याची चालक आज्ञावली नव्याने बसवावी लागते.

विंडोजच्या परवान्याची गोष्ट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. २०१५ मधील विंडोज १० पासून बहुतेक परवाने डिजिटल स्वरूपात यंत्राशी निगडित असतात व त्याच यंत्रावर प्रणाली पुन्हा बसविल्यास आपोआप मान्य होतात. त्यापूर्वीच्या संगणकांवर पंचवीस अक्षरांची चिठ्ठी चिकटविलेली असे. लॅपटॉपच्या तळाशी असलेली ही चिठ्ठी हाताच्या व टेबलाच्या घर्षणाने पुसट होते; ती वाचता येते तोवर तिचे छायाचित्र काढून ठेवलेले बरे.

ह्याच टप्प्यावर आणखी एक किल्ली हाती आहे की नाही, हे पाहावे. अलीकडच्या अनेक संगणकांत डिस्क कूटबद्ध असते, कित्येकदा मालकाच्या नकळत. दुरुस्तीच्या वेळी किंवा डिस्क काढून दुसरीकडे जोडताना संगणक ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ मागतो. ती सामान्यतः संगणक सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. ते खाते पतीच्या नावाने, त्याचा संकेतशब्द त्याच्याच स्मरणात आणि पडताळणीचा संदेश बंद झालेल्या जुन्या मोबाइलवर, अशी साखळी असेल, तर पत्नीला स्वतःच्याच घरातील छायाचित्रे कायमची पारखी होतात. बँकेत लॉकर उघडताना संयुक्त धारकाचे महत्त्व ग्राहकांना पटते. संगणकाच्या ह्या किल्लीचे महत्त्व त्याहून कमी नाही. ती कागदावर उतरवून घरच्या मौल्यवान कागदपत्रांसोबत ठेवावी.

प्रती काढण्याचे काम कंटाळवाणे, पण सरळ आहे. एक बाह्य हार्ड डिस्क घ्यावी आणि अत्यंत मोलाच्या वस्तूंची दुसरी प्रत अन्यत्र, मुलीच्या घरी अथवा क्लाउडवर ठेवावी. गुगलच्या विनामूल्य खात्यात १५ जीबी, तर वनड्राइव्हवर ५ जीबी जागा मिळते. विवाहाच्या चित्रफिती त्यात मावणार नाहीत, आठवणींच्या फाइल्स आरामात मावतील. पेन ड्राइव्ह एफएटी३२ रचनेचा असल्यास त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल उतरत नाही. दीर्घ चित्रफीत तेवढी मागे राहते, सूचना येऊन जाते, आणि आपण चहाला गेलेले असतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे शॉर्टकट. डेस्कटॉपवरील बाण असलेली चित्रे ही वस्तू नव्हेत, वस्तूकडे नेणारी पाटी होय. सारा डेस्कटॉप मोठ्या निष्ठेने पेन ड्राइव्हवर घेतला आणि नंतर पाहिले, तर हाती पन्नास पाट्या. म्हणून प्रत काढून झाल्यावर ताळमेळ घ्यावा. मूळ कप्प्यावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या व ‘साइझ’ पाहावी, प्रतीचीही पाहावी, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहावेत. ‘साइझ ऑन डिस्क’ हा आकडा डिस्कच्या रचनेनुसार भिन्न येऊ शकतो. त्यावरून घाबरून जाऊ नये. आकडे जुळले तरी तेवढ्यावर थांबू नये. बाह्य डिस्क दुसऱ्याच एखाद्या संगणकास जोडून मधल्या-मधल्या फाइल्स उघडून पाहाव्यात. बंद पाकीट मोजून घेणे आणि नोटा मोजून घेणे ह्यांतील फरक रोखपालाला सांगावा लागत नाही.

संगणक विषाणूमुळे बिघडला असेल, तर प्रतींबरोबर विषाणूही नव्या घरी जाऊ शकतो. अशा वेळी केवळ कागदपत्रे, छायाचित्रे, चित्रफिती घ्याव्यात. ‘ईएक्सई’ जातीच्या फाइल्स मागे सोडाव्यात आणि परत घेताना तपासणी करावी.

संकेतशब्दांचा प्रश्न बँकेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. ब्राउझरमध्ये जतन केलेले संकेतशब्द फाइलरूपाने बाहेर काढता येतात. मात्र ती फाइल साध्या मजकुराची असते, कोणासही वाचता येण्याजोगी. ती पेन ड्राइव्हवर ठेवून पेन ड्राइव्ह दुकानदाराकडे देणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीवरच ठेवणे होय. नेट बँकिंगचा संकेतशब्द तर ब्राउझरमध्ये असूच नये. तंत्रज्ञाला तो, किंवा ओटीपी, कोणत्याही कारणास्तव सांगण्याची गरज पडत नाही. ‘आपल्या संगणकात विषाणू आहे, दूरवरून दुरुस्त करून देतो’ असे सांगत येणारे दूरध्वनी हा तर वेगळाच धंदा आहे. दूरस्थ नियंत्रणाच्या ॲपचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. फसवणूक झालीच, तर बँकेस तत्काळ कळवून १९३० ह्या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अशा प्रसंगी तासांना महत्त्व असते.

हे सर्व संगणक घरीच राहणार असल्यास. तो विकावयाचा, कामवाल्या बाईंच्या मुलाला द्यावयाचा अथवा भंगारात काढावयाचा असल्यास चिंता उलट दिशेची होते. पुसलेले खरोखर पुसले गेले का? अमेरिकेतील एमआयटीचे सिम्सन गार्फिन्केल व अभी शेलाट ह्यांनी नोव्हेंबर २००० पासून ऑगस्ट २००२ पर्यंत १५८ जुन्या हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या. त्यांचा लेख २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चालू स्थितीतील १२९ डिस्कांपैकी केवळ १२ योग्य रीतीने पुसलेल्या निघाल्या. बाकींच्यांत प्रेमपत्रे, वैद्यकीय माहिती आणि क्रेडिट कार्डांचे क्रमांक होते. एक डिस्क तर इलिनॉय राज्यातील एका एटीएममधून आलेली असून तीत खातेक्रमांक व व्यवहार जसेच्या तसे होते. बँकेतील मंडळींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

साधे फॉरमॅट बहुधा अनुक्रमणिका फाडते. पुस्तकाची पाने जागीच राहतात. म्हणून संगणक परहस्ते जाणार असेल, तर रिसेट करताना ‘क्लीन डेटा’ हा अधिक वेळ घेणारा पर्याय निवडावा. चकतीच्या डिस्कवर त्याने मजकुरावर नवे लेखन होते व घरगुती गरजेपुरती खात्री मिळते. एसएसडीची अंतर्गत रचना निराळी असल्याने तेथे वरून लिहिण्याच्या पद्धतीवर पूर्ण विसंबता येत नाही. डिस्क प्रारंभापासून कूटबद्ध असणे किंवा निर्मात्याने दिलेली ‘सिक्युअर इरेज’ आज्ञा वापरणे हे तेथील मार्ग. भंगारवाल्याच्या काट्यावर संगणक ठेवण्याऐवजी, १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणी असलेल्या पुनर्चक्रण केंद्राकडे तो द्यावा.

प्रत्यक्ष दिवशी करावयाचे काम थोडे. बाह्य डिस्क सोडवून बाजूला ठेवावी. ती जोडलेली राहिल्याने चुकीची डिस्क पुसली गेल्याचे प्रकार घडतात. लॅपटॉप विजेला जोडलेला असावा. डेस्कटॉपचा यूपीएस मिनिटांचा सोबती आहे, तासांचा नव्हे, म्हणून वीज जाण्याचा वार टाळावा. क्लाउडवरून प्रणाली उतरविण्याचा पर्याय घेतल्यास ४ जीबीपेक्षा अधिक डेटा लागू शकतो. जुन्या संगणकाचे नेटवर्क-चालक आधीच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवावेत, अन्यथा इंटरनेट नाही म्हणून चालक नाही आणि चालक नाही म्हणून इंटरनेट नाही, अशी अवस्था होते.

दुसऱ्या ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोजची प्रतिष्ठापना-प्रत तयार असावी. ही अतिरिक्त काळजी वाटेल. परंतु ऑगस्ट २०२५ मधील नियमित सुरक्षा-अद्यतनानंतर विंडोज १० व ११ च्या काही आवृत्त्यांत रिसेटच अयशस्वी होऊ लागले होते व मायक्रोसॉफ्टला त्यासाठी तातडीची वेगळी दुरुस्ती काढावी लागली होती.

वडोदऱ्याच्या त्या घरात संगणक पुन्हा सुरू झाल्यावर प्रथम अद्यतने घ्यावीत, मग टंक बसवावेत, आणि मग आठवणींची फाइल उघडावी. पहिले पान मराठीत दिसले, तरी बाह्य डिस्क लगेच मोकळी करून नातवाच्या चित्रपटांसाठी देऊ नये. काय राहून गेले हे पहिल्या आठवड्यात कळत नाही. विवरणपत्र भरण्याच्या वेळी, संस्थेच्या लेखापरीक्षणाच्या वेळी किंवा कोणाच्या तरी साठीला जुने छायाचित्र शोधताना कळते. निदान एक आर्थिक वर्ष ती डिस्क, वर तारीख लिहून, कपाटात तशीच असू द्यावी.